जिंकलेले क्रेडिट पदरात पडते का?

अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील करविषयक अधिसूचना आणि निवाड्यांचा आढावा घेण्याची प्रथा आहे. आज तो आढावा बाजूला ठेवून मी एकच प्रश्न मांडणार आहे: न्यायालयात जिंकलेले क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उद्योजकाच्या पदरात पडते का?

पुण्याच्या उत्पादनशुल्क आयुक्तालयातून वर गेलेल्या दाई इची करकरिया प्रकरणात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नियमांनुसार घेतलेले मॉडव्हॅट क्रेडिट सहजासहजी हिरावून घेता येत नाही. आता सफारी रिट्रीट्स पाहा. ओडिशातील या कंपनीचा मॉलच्या बांधकामावरील 34 कोटींहून अधिक क्रेडिटवर दावा होता. असे क्रेडिट रोखणाऱ्या जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(ड) मध्ये अपवाद म्हणून ‘प्लांट किंवा मशिनरी’ असे लिहिले होते, इतरत्र मात्र ‘प्लांट आणि मशिनरी’. हा फरक निरर्थक मानता येणार नाही. इमारत व्यवसायात कोणते काम बजावते, त्यावरून ती प्लांट आहे की नाही ते ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगितले आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. पुढच्याच वित्त कायद्याने ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आणले, तेही 1 जुलै 2017 पासून.

काही सहकारी म्हणतात, हा संसदेचा अधिकारच आहे. आहे, हे मीही मानतो. पृथ्वी कॉटन मिल्स निवाड्यापासून, म्हणजे 1969 पासून, तत्त्व ठरलेले आहे: निकाल बंधनकारक नाही एवढे म्हणून विधिमंडळाला भागत नाही, निकालाचा पायाच बदलावा लागतो. पण पाया बदलण्याची मुभा म्हणजे मागची सात-आठ वर्षे पुसण्याचे औचित्य नव्हे. मसुद्यातली चूक सरकारची होती. तिची किंमत कायदा वाचून गुंतवणूक करणाऱ्याने का मोजावी? क्रेडिट ही सवलत आहे, हक्क नव्हे, असा दुसरा आक्षेप घेतला जातो आणि त्याला जयम अँड कंपनी या 2016 च्या निवाड्याचा आधार आहे. परंतु सवलत उद्यापासून बंद करणे वेगळे आणि काल दिलेली सवलत आज परत मागणे वेगळे. उद्योजकाने किमती, भाडे आणि कर्जाचे हप्ते त्या कालच्या कायद्यावरच बेतलेले असतात.

कायदा बदलला नाही, तरी अंमलबजावणी अडतेच. संक्रमणकालीन, म्हणजे जीएसटीपूर्व करव्यवस्थेतून पुढे आणायच्या, क्रेडिटसाठी अनेक उच्च न्यायालयांनी दिलासा दिला, पण जीएसटी पोर्टल बंद असले की आदेश कागदावरच राहतो. अखेर 2022 मध्ये फिल्को प्रकरणात सर्वोच्च न्यायालयालाच दोन महिने पोर्टल उघडण्याचा आदेश द्यावा लागला. अर्ज कोणत्या खिडकीत भरायचा, हेसुद्धा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवावे, ही प्रशासनाची नामुष्की आहे.

आपल्यापुढची कामे स्पष्ट आहेत. क्रेडिट कमी करणारी दुरुस्ती केवळ पुढील काळापुरती असावी, यासाठी जीएसटी परिषदेकडे निवेदन द्यावे लागेल. निकालानंतर किती दिवसांत पोर्टलवर सोय झाली पाहिजे, याचा मसुदाही तयार करावा लागेल. तपशील अभ्यासगट ठरवील. तोवर प्रत्येकाने आपल्या अशिलाला निकाल समजावताना त्याची अंमलबजावणी कुठे अडू शकते, हेही स्पष्ट सांगावे. हाती न येणाऱ्या न्यायावर उद्योग उभे राहत नाहीत.