९००७१९९२५४७४०९९३: ब्राउझरला न दिसणारी संख्या

आजच्या भागात एकच संख्या आहे. जमलं तर कागदावर लिहून घ्या: ९००७१९९२५४७४०९९३. सोळा आकडे, म्हणजे नऊ हजार सात लाख कोटींच्या जरा पुढे.

आता ब्राउझरचा कन्सोल उघडा, ही संख्या टाका आणि एंटर दाबा. शेवटी ९९३ च्या जागी ९९२ दिसेल. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही.

माझी या प्रकाराशी गाठ पडली ती एका फोनमुळे. आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबसाठी रिपोर्ट बघायचं पोर्टल केलं होतं. एक काका म्हणाले, "अहो, लॉगिन माझं, पण रिपोर्टवर नाव दुसऱ्याचंच!" ते पान मीच लिहिलेलं. टेस्टिंगमध्ये आयडी होते १, २, ३. खरे आयडी सोळा आकडी, ९२ ने सुरू होणारे.

जावास्क्रिप्ट साधी संख्या ६४ बिटांत ठेवते. १ बिट चिन्हाला, ११ घातांकाला, उरले ५२. सुरुवातीचा १ गृहीतच धरतात, म्हणून हातात येतात ५३ बायनरी अंक. आपली संख्या म्हणजे २ चा ५३ वा घात, अधिक १. बायनरीत ती लिहिली की आधी १, मग ५२ शून्यं, मग पुन्हा १. झाले ५४ अंक! शेवटचा १ बसतच नाही. या पद्धतीत न मावणारी ही सगळ्यात लहान धन पूर्ण संख्या.

गंमत बघा. आकड्यांची बेरीज करा, ७८ येते, म्हणजे ३ ने भाग जातो. जायलाच हवा, कारण २ चा कुठलाही विषम घात अधिक १ ला ३ ने भाग जातोच. पूर्ण अवयव ३, १०७ आणि २८०५९८१०७६२४३३, तिन्ही मूळ संख्या. पण कन्सोलला ३ ने भागल्यावरची बाकी विचारा, तो २ सांगतो! शाळेतली कसोटी बरोबर, मशीन चूक. म्हणजे मशीनचा भागाकार बरोबरच असतो, संख्याच बदललेली असते.

इथून पुढे, २ च्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्या मावतात. विषम संख्या दोन सम शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये येते, आणि नियमाने ती ४ ने भाग जाणाऱ्या शेजाऱ्याकडे ढकलली जाते. काकांचा आयडी ७५ ने संपत होता. तो झाला ७६. सर्व्हरने ७६ चा रिपोर्ट काढून दिला. लॉगिन कुणाचं आणि रिपोर्ट कुणाचा हे सर्व्हर ताडून बघत नव्हता, ती वेगळी चूक, पण तीही आमच्याच टीमची.

उपाय अगदी साधा: आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवायचा. त्याची बेरीज-वजाबाकी कोण करतंय? ट्विटरनेही २०१० मध्ये याच कारणासाठी आयडी स्ट्रिंगमध्येही द्यायला सुरुवात केली होती. खरंच गणित करायचं असेल तर आता बिगइंट आहे, संख्येपुढे एक एन लावायचा. पण जेसन पार्स होतानाच आकडा बदलला असेल, तर नंतर बिगइंट करून काही उपयोग नाही. मी पहिल्या दिवशी नेमकं तेच करत बसलो होतो.

रात्री दुरुस्ती चढवली. मग कागदावर मांडलं तेव्हा लक्षात आलं, ७५ सारखाच ७७ सुद्धा ७६ कडेच जातो. म्हणजे एका माणसाचा रिपोर्ट तिघांना उघडत होता. लॉग काढले. ७७ वाल्यांनीही तो उघडला होता, पण त्यांचा फोन आला नव्हता. सकाळी लॅबने त्यांना फोन केला, आणि त्याआधी ७६ वाल्यांना.