मेंदूच्या वेशीपाशी अडलेले औषध
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वर्धा जिल्ह्यातील आपल्या घरोघरी वडीलधाऱ्यांच्या हातास कंप सुटला, चाल मंदावली, की 'वय झाले' म्हणून आपण स्वस्थ बसतो. पंगतीत वाटी हिंदकळते, या संकोचाने कित्येक वृद्ध लग्नकार्यास येणेही टाळतात. त्यांतील काहींस पार्किन्सनचा विकार, अर्थात कंपवात, असतो आणि त्यावर उपचार आहेत, हे आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले. मेंदूत डोपामिन हे द्रव्य कमी पडल्याने शरीराच्या हालचाली बिघडतात. मग तेच द्रव्य बाहेरून का देऊ नये? कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत गावच्या वेशीप्रमाणे पहारा करते व डोपामिनला आत सोडत नाही. लेव्होडोपास मात्र ती वाट देते. आत गेल्यावर त्याचेच डोपामिन होते. आपल्या खाजकुहिलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली वेगळे काढले होते. तथापि, त्या बिया मनाने खाणे धोक्याचे होय.

काही वर्षांनी गोळीचा गुण थोडाच वेळ टिकू लागतो. म्हणून नव्या वाटा निघाल्या आहेत. कातडीखाली पंपाने अहोरात्र औषध देता येते. मेंदूत बारीक तारा बसवून विद्युत्स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया मुंबईसारख्या शहरांत होते; पण ती खर्चाची असून सर्वांस मानवणारी नाही. ध्वनिलहरींनी ती वेस काही काळ उघडून औषध आत पोहोचविण्याची पद्धत अद्याप प्रयोगावस्थेत आहे.

परंतु पहिले पाऊल दूरचे नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. तेथे वेळीच तपासणी करावी. वरणातील प्रथिने औषधाची वाट अडवितात. यास्तव गोळी जेवणाच्या किती आधी द्यावी, हे डॉक्टरांस विचारावे. ती एकाएकी कधीही बंद करू नये.

नवी साधने येतील तेव्हा येवोत. आज घड्याळ पाहून गोळी हाती देणारे घरातील मूल हेच औषधाचे खरे वाहक होय. आणि पुढील कार्यात वडिलांची वाटी अर्धीच वाढून त्यांना मानाने पंगतीत बसवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.