बसायला शिकविणारा मित्र

(खो-खोचे जुने प्रशिक्षक असलेल्या एका क्रीडाशिक्षकांच्या निधनानंतर, त्यांच्याच शाळेच्या मैदानावर झालेल्या श्रद्धांजली सभेत त्यांच्या बालमित्राने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आपल्यापैकी बहुतेक जण त्याला ‘सर’ म्हणत आले. आमचे मात्र जवळजवळ साठ वर्षे ‘अरे-तुरे’च राहिले. म्हणून आज मी त्याच्याविषयी एकवचनात बोलणार आहे. तो असता तर त्याला तेच आवडले असते. मोठाली विशेषणे कोणी लावू लागले की तो उठून सरळ मैदानावर पाणी मारायला जात असे, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

१९६६ साली मी पाचवीत होतो, तो सहावीत. मी किरकोळ अंगाचा, पण पळण्यात चपळ. त्याने ते हेरले आणि एका संध्याकाळी मला मैदानावर नेले. आता आपल्याला पळायला मिळणार म्हणून मी हरखलो होतो. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस त्याने मला केवळ बसविले. टाच कुठे, गुडघा कुठे, हात जमिनीला कसे टेकवायचे, नजर कुठे ठेवायची, हे सारे तो बारकाईने पाहत असे. मी कंटाळलो, तेव्हा तो म्हणाला, “पळायला कुत्र्यालाही येते. तू आधी बसायला शीक.” अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे हे बोलणे! पण त्यात या खेळाचे सारे मर्म आलेले होते.

या खेळाची रचनाच पाहा. नऊ गडी मैदानात उतरतात. त्यांपैकी आठ जण दोन खुंटांमधल्या पाटीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि एकटा नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला हवे तिकडे वळण्याची मोकळीक असते. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही आणि खुंटाला वळसा घातल्यावाचून पाटीच्या पलीकडे जाता येत नाही. या बंधनांवर त्याच्या हाती उपाय एकच. योग्य क्षणी बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि त्याने रिकाम्या केलेल्या चौकोनात स्वतः बसायचे. खो मिळण्याआधी उठणे हा नियमभंग आहे आणि मिळाल्यावर क्षणभर रेंगाळणे ही संघाची हानी. मी एकटाच मारीन, असे म्हणणाऱ्याला या खेळात यश नाही. आपली दमछाक होण्याआधी दुसऱ्याला उठवावे लागते. असे खेळ पुस्तकातून शिकता येत नाहीत; ते कोणीतरी हाताला धरून शिकवावे लागतात. मला तो हात त्याचा लाभला.

त्याला या खेळाचा इतिहास मुखोद्गत होता. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांची चौकट दिली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पावसाने सराव बुडाला की शाळेच्या व्हरांड्यात बसवून तो मुलांना हे सारे सांगत असे. आपण खेळतो तो गल्लीतला वेळ घालविण्याचा उद्योग नव्हे, त्यामागे कित्येकांचे आयुष्य लागलेले आहे, हे मुलांना कळावे, एवढाच त्याचा हेतू होता.

त्याच्या स्वभावात दोष नव्हते असे नाही. तो शीघ्रकोपी होता. पंचांशी वाद घालीत नसे. पण उशिरा येणाऱ्या मुलाला त्याने कधी क्षमा केली नाही, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. आपल्या गावात मुलींचा संघ त्याने १९८४ साली सुरू केला. तेव्हा अनेक घरांतून विरोध झाला. मुलींनी मातीत लोळायचे, सूर मारायचे, हे पुष्कळांना रुचत नव्हते. तो वाद घालीत बसला नाही. तो प्रत्येक घरी गेला आणि वहिनींनी रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायला सुरुवात केली. वहिनी, आपण घरची कामे उरकून ती दोन वर्षे इथे बसला नसता, तर हा संघ उभा राहिला नसता. आज सभेला आलेल्या कितीतरी आया त्या वेळी याच पाटीवर बसलेल्या मुली आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, त्या दिवशी त्याने इथल्या प्रत्येक मुलीच्या हातावर पेढा ठेवला होता.

१९ जानेवारी २०२५ ची रात्र मी विसरणार नाही. दिल्लीला पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने होते. तो अंथरुणाला खिळलेला होता. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे नमविले, त्यानंतर मुलांनीही नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. घरातले सगळे टाळ्या वाजवीत होते. तो मात्र पडद्याकडे टक लावून पाहत होता. थोड्या वेळाने एवढेच म्हणाला, “बसलेत छान.” आता मॅट आले, झगमगाट आला, याचा त्याला आनंदच होता. परंतु मॅट प्रत्येक शाळेला परवडणार नाही आणि मोकळी मैदाने दिवसेंदिवस आक्रसत आहेत, ही काळजी त्याने अखेरपर्यंत बोलून दाखविली. या मैदानाचाही एक कोपरा वाहने उभी करण्यासाठी गेलेला आहे. उरलेली जागा रोज वापरात राहिली, तरच ती राहील, असे तो म्हणत असे.

त्याच्या नावाने फिरती ढाल ठेवावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना चांगली आहे. परंतु ढालीवरची धूळ पुसायलाही माणूस लागतो. गेली चाळीस वर्षे मुले येण्यापूर्वी या मातीवर पाणी मारणे, सुतळी धरून फक्कीच्या रेघा आखणे आणि खुंट घट्ट आहेत का, हे हलवून पाहणे, ही कामे तो एकटा करीत आला. तो गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी इकडे आलो. सातवी-आठवीतल्या चार मुली सुतळी घेऊन रेघा आखीत होत्या. रेघा वाकड्या होत्या, पण मैदान तयार होते. त्या मुलींना कोणी सांगितले नव्हते. आपण मोठ्या माणसांनी मात्र त्यांच्यावर ते काम टाकून स्वस्थ राहणे बरे नव्हे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आठवड्याचे सहा दिवस, सहा माणसे. पळता येण्याची अट नाही. संध्याकाळी पाच वाजता यावे, पाणी मारावे, फक्की टाकावी आणि शेवटचे मूल घरी जाईपर्यंत थांबावे. वहिनींकडे मी एक वही दिलेली आहे. तीत सोमवारपुढे माझे नाव लिहिलेले आहे. उरलेले पाच वार रिकामे आहेत. सभा संपल्यावर जाण्यापूर्वी ती वही पाहावी.