दाद कोणाकडे मागायची?



संघराज्य आणि संगणकावरचा कारभार यावर मी बोलावे असे मंडळाने ठरवले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या आत्याबाईंच्या रेशनपायी मी इतके हेलपाटे घातले, की हा विषय माझ्या पायांनाच पाठ झाला आहे.

आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. एकट्या राहतात. त्यांचे कार्ड अंत्योदयचे. महिन्याला 35 किलो धान्य, आणि 2023 च्या जानेवारीपासून तेही फुकट. गेल्या वर्षी दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा उठेना. जन्मभर राखेने भांडी घासलेला हात तो, रेषा राहणार कुठून? दोन महिने पिशवी रिकामी परत आली.

दुकानदार म्हणाला, “यंत्र म्हणते नाही, मी काय करू?” तालुक्याच्या कचेरीत सांगितले, “यादीत नाव आहे. आमचे काम झाले. आधार दिल्लीचे.” आधार केंद्रावर बोटे पुन्हा घेतली आणि म्हणाले, “धान्याचे आम्हांला विचारू नका.” कोणीच खोटे बोलत नव्हते, हीच तर गंमत!

मग भाच्याकडून 2013 चा अन्नसुरक्षा कायदा वाचून घेतला. धान्य केंद्राने द्यायचे, किती लोकांना तेही केंद्राने ठरवायचे. पण यादी करायची आणि दुकानापर्यंत धान्य पोचवायचे राज्याने. एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या थोरल्या जावेकडे आणि वाढणे धाकटीकडे, तसेच हे. जावा एकमेकींशी बोलत असल्या तर घर चालते. इथे मध्ये यंत्र आले आणि पाहुणा उपाशी का, हे सांगायला कोणी उरले नाही.

त्याच कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख धरली आहे. हे ऐकून आमच्या घरात जरा शांतता पसरली होती! आणखी एक कलम आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर राज्य सरकारने त्याबद्दल भत्ता द्यायचा. शिवाय अंगठा जुळत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये, वेगळी नोंद करून धान्य द्यावे, असे केंद्राने 2017 च्या ऑक्टोबरातच राज्यांना कळवले होते.

एवढे कागदावर उतरवून मी पुन्हा कचेरीत गेले. हात कापत होते, खोटे कशाला सांगू? पण साहेबांनी कागद वाचला आणि दुकानदाराला निरोप गेला. तिसऱ्या महिन्यात आत्याबाईंनी वहीत सही करून धान्य आणले. सही करता येते त्यांना. इतके दिवस कोणी मागितलीच नव्हती.

मागल्या दोन महिन्यांच्या भत्त्याचा अर्ज मी जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे दिला आहे. पोच घेतली आहे. उत्तर अजून यायचे आहे. आपल्या गल्लीत आणखी कोणाचा अंगठा उठत नसेल, तर सभा संपल्यावर मला भेटा. अर्जाची नक्कल पिशवीत आहे.