दुखणं 'मनाचं' ठरवण्याआधी
(महिला मंडळाच्या बैठकीतील भाषण)



हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार, असं आपण धरून चालतो. वस्तीत काम करताना मी बायकांकडून नेहमी ऐकते, "पित्त झालंय", "दमले असेन". दवाखान्यातही पुष्कळदा "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून परत पाठवतात. म्हणून आत काय घडतं, ते आपणच समजून घेऊ.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल, पेशी आणि कॅल्शियम साचून थर बनतो. एक दिवस त्या थराचं आवरण फाटतं. बोट कापल्यावर रक्त गोठतं, तसंच तिथेही गोठतं. गुठळीने रोहिणी बुजते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. कधी आवरण न फाटता वरचं अस्तर झिजूनही गुठळी होते. तरुण बायकांमध्ये हे अधिक आढळतं. थर लहान असला तरी हे घडू शकतं.

तंबाखू, मिश्री, चुलीचा धूर, मधुमेह आणि रक्तदाब यांनी धोका वाढतो. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतरही दरवर्षी तपासणी करा.

आपल्याला गृहीत धरणं फक्त घरातच होतं असं नाही. अॅस्पिरिनने पहिला हार्ट अटॅक टळतो का, हे अमेरिकेत २२ हजार डॉक्टरांवर तपासलं गेलं. १९८९ साली अंतिम निष्कर्ष आला: टळतो. पण त्यांत एकही स्त्री नव्हती! सुमारे ४० हजार स्त्रियांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००५ साली आला. त्यांच्यात एकंदरीत तसा फायदा दिसला नाही. तेव्हा मनाने गोळी सुरू करू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली मनाने थांबवूही नका.

छातीत दुखणं किंवा दाब हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहे. पण सोबत, किंवा त्याशिवायही, धाप, मळमळ, गार घाम, पाठ वा जबडा दुखणं, अतोनात थकवा येऊ शकतो. गुठळी विरघळवणारं औषध किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. तेव्हा पोळ्या लाटून, मुलांचं आवरून मग जाऊ, असं म्हणू नका. १०८ला फोन करा. आणि कुणी "मनाचं आहे" म्हणालं, तर ठामपणे सांगा, "आधी माझा ईसीजी काढा."