वही कोण लिहिणार?

मी मानपाड्याहून बोलतेय. आज गटाच्या वहीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात एका मासिकापासून करते.

जानेवारी १९६३ मध्ये कोलकात्याला ‘आश्चर्य’ नावाचं बंगाली मासिक निघालं. फक्त विज्ञानकथा छापणारं भारतातलं ते पहिलं मासिक. उद्या विज्ञानामुळे काय काय घडू शकेल, याची कल्पना करून लिहिलेली गोष्ट म्हणजे विज्ञानकथा. संपादक होते अद्रीश बर्धन. ‘आकाश सेन’ या टोपणनावाने ते काम बघायचे. सत्यजित राय, प्रेमेंद्र मित्र यांच्यासारखे मोठे लेखक त्यांच्या पाठीशी होते. १९६६ मध्ये बर्धन, राय, मित्र आणि आणखी एका लेखकाने मिळून एक विज्ञानकथा रचली, ती कोलकाता आकाशवाणीवर सादर झाली.

एवढं सगळं असून १९७२ मध्ये मासिक बंद पडलं. बर्धनांची पत्नी अकाली वारली. पदरात लहान मूल. मूल सांभाळायचं की मासिक? पुढे १९७५ मध्ये त्यांनी ‘फँटॅस्टिक’ नावाचं दुसरं मासिक काढलं, पण ‘आश्चर्य’ थांबलं ते थांबलंच.

आता आपल्या मराठीतली गोष्ट. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक मात्र शास्त्रज्ञ जयंत नारळीकर! आपलं नाव बघून बक्षीस मिळायला नको, म्हणून त्यांनी नाव बदललं. अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितज्ञ होत्या.

या दोन्ही गोष्टींत घरातल्या बाईचा हात आहे. फरक कुठे आहे? कोलकात्याचं मासिक एका माणसाच्या खांद्यावर होतं. इकडची स्पर्धा संस्थेची होती. परिषद १९६६ पासूनची, काम अनेकांत वाटलेलं. कुणा एकाच्या घरी संकट आलं तरी काम थांबत नाही.

आमच्या भागातल्या एका गटाचं असंच झालं. सचिव ताई बाळंतपणाला माहेरी गेली. वही तिच्या कपाटात, बँकेची कामं तिलाच माहीत. तीन महिने बैठक नाही. बायका म्हणायला लागल्या, आमचे पैसे परत द्या. गट मोडता मोडता वाचला. चूक तिची नव्हती. ‘तू शिकलेली आहेस, तूच बघ,’ असं म्हणून आम्हीच सगळं तिच्यावर टाकलं होतं.

तेव्हापासून तिथे इतिवृत्त दर बैठकीला वेगळी बाई लिहिते. अक्षर वाकडं आलं तरी चालतं. रोखवही दोघींना येते. पासबुकातली शिल्लक बैठकीत मोठ्याने वाचतात, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही आकडा कळतो. आणि कुणाच्या घरी आजारपण, दुःख आलं, की तिचं काम दुसरी उचलते. तिने गट सोडायचा नाही, थोडे दिवस बसायचं.

येत्या बैठकीत एवढंच विचारा: सचिव उद्या आली नाही, तर वही कोण लिहिणार? उत्तरात दोन नावं आली, तर तुमचा गट भक्कम आहे. एकही आलं नाही, तर त्याच दिवशी कुणाच्या तरी हातात पेन द्या.