बाळंतपणांतील न सांगितलेलें दुखणें

आज ज्या दुखण्याविषयीं बोलावयाचें आहे, त्याचें नांव घरांतल्या माणसांपुढें काढावयाससुद्धां आपल्याकडे लाज वाटते. मूल जन्मतांना आईच्या शरीरास होणारी इजा, हें तें दुखणें. "बाळंतपण म्हटलें कीं एवढें व्हायचेंच," असें म्हणून वडीलधाऱ्या बायका तिची समजूत घालतात, आणि ती बिचारी गप्प बसते.

या इजांत सर्वांत दारुण म्हणजे फिस्चुला. बाळाचें डोकें कटिभागांत अडकलें व कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालू राहिल्या, म्हणजे डोकें व पुढील हाड यांच्यामध्यें मूत्राशय चेंगरला जातो. तेथील रक्त थांबतें. तेवढा भाग मरून कांहीं दिवसांनीं गळतो व तेथें छिद्र पडतें. मग लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. मूल बहुधा दगावलेलें असतें. कपड्यांना येणाऱ्या वासामुळें माणसें दूर होतात, कित्येकींना नवराहि टाकून देतो. म्हणजे शिक्षा तिलाच!

हें छिद्र शिवतां येतें. अमेरिकेंत अलाबामा येथें मॅरियन सिम्स यानें 1849 सालीं चांदीच्या तारेनें टांके घालून तें साधलें. परंतु त्यानें हे प्रयोग गुलाम स्त्रियांवर, भूल न देतां केले. ॲनार्का नांवाच्या एकीवर सुमारें तीस वेळां शस्त्रक्रिया झाली. "नको" म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सिम्सच्या कौशल्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे.

याउलट इथिओपियांत कॅथरीन व रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्यानें 1974 सालीं आदिस अबाबा येथें केवळ या रोगासाठीं रुग्णालय काढलें. तेथें मामितू गाशे ही खेड्यांतील निरक्षर मुलगी रोगी म्हणून आली होती. ती डॉक्टरांच्या हाताशीं राहून शस्त्रक्रिया शिकली, आणि पुढें स्वतःच शिकाऊ डॉक्टरांस शिकवूं लागली.

आतां आपल्या घराकडे वळूं. बाळंतपणानंतर लघवी सारखी गळत असेल, तर एक दिवसहि थांबूं नये. छिद्र लहान असल्यास कांहीं आठवडे मूत्राशयांत नळी ठेवून तें आपोआप मिटूं शकतें. जुनें छिद्रहि वर्षांनंतर शिवतां येतें. मात्र प्रत्येकीची गळती पूर्ण थांबतेच असें नाहीं. पुढील बाळंतपण रुग्णालयांतच, आणि बहुधा पोटावरील शस्त्रक्रियेनें करावें लागतें.

खोकतांना थोडी लघवी होणें हें निराळें. त्यास लघवी रोखून धरल्याप्रमाणें स्नायु आवळण्याचा व्यायाम आहे; अमेरिकन डॉक्टर केगेल यांनीं 1948 सालीं तो मांडला. फाटलेली जागा गुदद्वारापर्यंत गेली असेल, वायु वा शौच आवरत नसेल, किंवा अंग बाहेर येत असेल, तर नुसत्या व्यायामावर विसंबूं नये. तपासणी हवीच.

खर्चाची भीति असते. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणें सरकारी रुग्णालयांत बाळंतपण व त्यानंतर 42 दिवसांपर्यंत उद्भवणारे विकार यांवरील उपचार विनामूल्य आहेत. मुदत टळली तरी दाखवावयास अवश्य जावें. कळा किती वेळ चालल्या, मूल कसें जन्मलें, गळती केव्हां सुरू झाली, एवढें कागदावर लिहून न्यावें. तोंडानें सांगवत नसेल, तर तो कागदच डॉक्टरांच्या हातीं द्यावा. आणि सासूबाईंनीं सोबत जावें. दाराबाहेर न बसतां, सुनेला चालत असेल तर, तिच्याजवळ बसावें.